खर्जरावांची वाळवी

खर्जरावांचं खरं नाव विमा कंपनीच्या पगारपत्रकाला ठाऊक असेल. बाकी जग त्यांना खर्जराव म्हणायचं, आणि जगाचं काही चुकत नव्हतं. माणूस अंगाने काडीपैलवान, पण बोलायला लागला की वाटायचं, ह्यांच्या मागे कोणीतरी जाडजूड इसम उभा आहे आणि तोच बोलतोय. कंपनीच्या दावे विभागात ते फोनवर बसत. "आपला दावा नामंजूर झाला आहे," हे वाक्य ते अशा काही भारदस्तपणे उच्चारत की पलीकडचा माणूस "आभारी आहे" म्हणून फोन ठेवत असे. आपण आभार नेमके कशाचे मानले, हे त्याला नंतर जेवताना घास घशात अडकल्यावर कळे.

अशा आवाजाचं चीज व्हावं असं खर्जरावांना फार वाटायचं. ते झालं भाचीमुळे. भाची शाळांसाठी माहितीपट बनवणाऱ्या एका कंपनीत होती. तिथल्या निवेदकाचा ऐनवेळी घसा बसला आणि भाचीला मामा आठवला.

"मामा, वाळवीवर फिल्म आहे. निवेदन तू करशील? दोन पानं आहेत फक्त. घरीच रेकॉर्ड करून पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत पाठव. पण मोबाइलवर नको हं! नीट माइक घे आणि त्याला साजेसा प्रीअँप घे. आमचे दिग्दर्शक फार तिखट कानाचे आहेत."

"घेतो की," खर्जराव म्हणाले. येताना पाव घेऊन ये म्हटल्यावर माणूस म्हणतो, तितक्या सहज. प्रीअँप हे खायचं असतं की पायात घालायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. पण भाचीला विचारणं मामापणात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि शेजारच्या इंजिनियरची बेल वाजवली.

इंजिनियर पंख्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जगात जे जे म्हणून वायरला जोडता येतं, त्या सगळ्यावर आपला अधिकार आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात दोन गोल काढले.

"हे बघा. माइकच्या दोन जाती. हा डायनॅमिक. डायनॅमिक म्हणजे पेपर वाचत बसलेला नवरा. अगदी तोंडाशी जाऊन बोललात तर ऐकतो, बाकी घर पेटलं तरी ढिम्म. हा दुसरा कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे सासू. पलीकडच्या खोलीत चमचा पडला, तर कुठला चमचा तेसुद्धा सांगते."

"आणि प्रीअँप?"

"माइकचा स्वतःचा जीव केवढा? मुंगीएवढा. तो काय सांगतोय ते मोठं करून पुढे सांगणारा लागतो कोणीतरी. प्रीअँप म्हणजे मेहुणा! आपण कानात सांगितलेलं चारचौघांत ओरडून सांगणारा. चांगला असला तर जसंच्या तसं सांगतो. हलका असला तर पदरची खरखर घालून सांगतो."

"म्हणजे मी सासू आणू की नवरा?" खर्जरावांनी गांभीर्याने विचारलं.

"इमारत आवाजाची. तुम्ही डायनॅमिकच घ्या. डोळे मिटून घ्या."

घरी आल्यावर हे सगळं बायकोला ऐकवलं, तर ती म्हणाली, "पेपर वाचणारा आहे की एक घरात. आणखी कशाला?" पण खर्जराव आता माघार घेणाऱ्यातले नव्हते.

दुकानात जायला निघाले, तर जिन्यातच सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ इमारतीचे सेक्रेटरी कधी झाले ते कुणालाच आठवत नव्हतं. दुसरा कोणी उभाच राहत नसल्यामुळे ते दरवर्षी बिनविरोध निवडून येत आणि दरवर्षी मतदारांचे आभार मानत. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"ध्वनियंत्र बसवताय म्हणे? परवानगी लागेल. अर्ज करा."

"कसला अर्ज? माइकसाठी अर्ज असतो?"

"माइकसाठी वेगळा नाही. आपल्याकडे एकच छापील अर्ज आहे. कुत्रा पाळण्याचा. त्यात बसवा."

खर्जरावांनी अर्ज भरला. प्राण्याची जात: डायनॅमिक. वजन: पाव किलोच्या आसपास. चावतो का: नाही. रात्री-अपरात्री आवाज करतो का: स्वतः करत नाही, दुसऱ्याचा ऐकतो. सेक्रेटरींनी तो काळजीपूर्वक वाचला आणि वर शेरा मारला, "जिन्यात घाण केल्यास मालक जबाबदार."

मग नवरा-बायको दुकानात गेले. दुकानदाराचे केस पाठीवर रुळत होते आणि तो स्वतः इतक्या हळू बोलत होता की त्यालाच आधी प्रीअँप लावावा.

"साहेब, आवाज कसा हवाय तुम्हाला?"

"माझाच हवाय," खर्जराव म्हणाले.

"तसं नाही. वॉर्म हवा की क्लीन? काही प्रीअँप आवाजाला ऊब देतात. काही अगदी स्वच्छ."

"क्लीन द्या," बायकोने निकाल दिला. "ऊब कशाला? ह्यांना आधीच घाम फार."

दुकानदाराने माइक पुढे केला. "काहीतरी बोला ना साहेब." आणि आयुष्यभर बोलून पोट भरणाऱ्या खर्जरावांना त्या जाळीसमोर एकही वाक्य सुचेना. शेवटी ते म्हणाले, "आपला दावा नामंजूर झाला आहे." दुकानातलं आणखी एक गिऱ्हाईक दचकून बाहेर गेलं.

इंजिनियरच्या शब्दाखातर त्यांनी डायनॅमिक घेतला, आणि माइकवर खर्च झालाच आहे तर मेहुणा जरा हलका चालेल, असा मध्यमवर्गीय विचार करून प्रीअँप सगळ्यात बारका उचलला. इथेच गणित चुकलं. घरी आल्यावर माइक काही ऐकेना. अगदी ओठ टेकवून बोललं तरी सुईभर आवाज. प्रीअँपचं बटण शेवटपर्यंत पिळलं, तेव्हा आवाज आला, पण त्याच्या आधी, मागे आणि नंतर प्रचंड सूंऽऽऽ.

नमुना ऐकून भाचीचा फोन आला. "मामा, तू धबधब्याखाली उभा आहेस का?"

दुकानदार म्हणाला, विकलेला माइक परत घेता येत नाही, लोकांच्या थुंकीचा प्रश्न असतो. इंजिनियर म्हणाले, "माझा माइक चुकला नाही, तुमचा मेहुणा चुकला," आणि दार लावून घेतलं. खर्जरावांच्या स्वाभिमानाने उचल खाल्ली. ते तडक गेले आणि कंडेन्सर घेऊन आले, आणि त्याच्या जोडीला चांगला जाडजूड, आवाज फाटला की लाल दिवा पेटून राहणारा, क्लीनमधला क्लीन प्रीअँप. सेक्रेटरींनी कुत्र्याचा दुसरा अर्ज घेतला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर खर्जराव कंडेन्सरसमोर बसले, हेडफोन कानाला लावले, बटण थोडं वर नेलं. आणि ज्याचा सगळा जन्म ह्या घरात गेला त्या माणसाला आपलं घर पहिल्यांदा ऐकू आलं. फ्रिज कण्हत होता. मोरीतला नळ थेंबाथेंबाने कुणाची तरी तक्रार करत होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं आणि ती कुठेच ठेवायला तयार नव्हतं. मध्येच अगदी जवळून एक खोल, गूढ गुरगुर आली. खर्जराव दचकले. ते त्यांचंच पोट होतं. दुपारच्या जेवणावर ते स्वतंत्र भाष्य करत होतं, आणि खेदाची गोष्ट म्हणजे त्याचा आवाज मालकापेक्षा अधिक खर्जातला होता.

बटण आणखी वर गेलं. तेव्हा भिंतीपलीकडून इंजिनियर त्यांच्या बायकोशी बोलताना स्पष्ट ऐकू आले.

"आवाज? कसला डोंबलाचा आवाज! रिकाम्या पिंपात बेडूक बसलाय नुसता."

खर्जरावांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले. इतक्या महागड्या यंत्रातून, इतक्या स्वच्छ दर्जात, आजवर त्यांचा कोणी अपमान केला नव्हता.

"अगं, बेडूक वाटतो का माझा आवाज?" त्यांनी आत जाऊन विचारलं.

"कोण म्हणालं?" बायको कपड्यांच्या घड्या करत होती.

"कोणी नाही. असंच."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. तिने भिंतीतलं आपलं मोठं कपाट उघडलं. "इथे बसा बघू. कोट आहेत, रजया आहेत, स्वेटर आहेत. आवाज बाहेरून आत येणार नाही. मी कपाटात डोकं घालून हाक मारते तेव्हा तुम्हाला कुठे ऐकू जाते?"

बाई बरोबर बोलत होती. कपाटात मिट्ट शांतता होती. खर्जराव बूड टेकून बसले, माइक गुडघ्यांत धरला, प्रीअँप स्वेटरांवर ठेवला. भाचीने सांगितलं होतं, "मामा, ओरडू नको. गुपित सांगतोस तसं बोल." त्यांनी आवाज खाली, आणखी खाली नेला. कपाटाची मागची फळी आणि एक कच्ची वीट एवढंच अंतर सोडून, पलीकडे सेक्रेटरींच्या पलंगाची उशी आहे, हे खर्जरावांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सेक्रेटरी रविवारची झोप घेत होते. अर्धवट जाग, अर्धवट झोप. तेवढ्यात त्यांच्या कानापाशी, कुठूनही न येणारा, खोल आवाज म्हणाला:

"तुम्ही झोपलेले असता. सारं शांत असतं. आणि त्याच वेळी तुमच्या उशाशी, भिंतीच्या आत, हजारो जबडे अखंड चालू असतात. वरून सारं ठणठणीत दिसतं. आतून मात्र सारं पोखरलेलं असतं. कारण इथे वाळवी आलेली आहे."

सेक्रेटरी ताडकन उठून बसले. खर्जरावांना त्यांनी जिन्यात मोठ्याने बोलताना शेकडो वेळा ऐकलं होतं, पण हा कुजबुजता, विटांतून गाळून आलेला आवाज त्यांनी ओळखला नाही. त्यांच्या बायकोने स्वप्न पडलं असेल म्हणून कूस बदलली. पण सेक्रेटरींची खात्री पटली होती. इतकी वर्षं निरपेक्ष सेवा केली, त्याचं हे फळ होतं. इमारत त्यांच्याशी बोलली होती.

संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. "सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपल्या इमारतीस वाळवी लागल्याची माहिती अत्यंत खात्रीलायक व वरच्या पातळीवरील सूत्रांकडून प्राप्त झाली आहे. तरी प्रत्येकाने आपापल्या भिंती तपासाव्यात."

सोमवारपासून सगळी इमारत भिंती ठोकू लागली. कोणी चमच्याने, कोणी लाटण्याने, कोणी चपलेने. इंजिनियर छातीचे ठोके ऐकायची नळी कुठूनतरी पैदा करून भिंतीला "मोठा श्वास घ्या" म्हणायचेच तेवढे बाकी होते. खर्जराव ऑफिसातून येऊन कपाटात शिरत, आणि हेडफोनमध्ये टकटक, ठकठक, धडाम. "भिंतीच्या आत" म्हणेपर्यंत भिंतीवर कोणीतरी हातोडा घालत असे. आठवडा निम्मा सरला तरी अर्धं पान होईना. शेवटी ते संतापून खाली भांडायला गेले, आणि तिथे त्यांनी सूचना वाचली.

खर्जरावांनी ती दोनदा वाचली. वाळवी काय करू शकते, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना दोन पानं पाठ होती. आपल्याच निवेदनाने आपल्या घरात पाऊल टाकलं, ह्या योगायोगाने ते इतके हादरले की, त्यामागे आपण असू ही शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. वर येऊन त्यांनी स्वतःच सोफा उलटा केला.

त्या संध्याकाळच्या तातडीच्या सभेत तर त्यांनी कहर केला. कोणीतरी म्हणालं, "एवढं काय घाबरायचं, किडेच ते." तेव्हा खर्जराव उठले आणि खऱ्याखुऱ्या भीतीने, म्हणून नेहमीपेक्षाही खालच्या पट्टीत बोलले, "राणी एकदा बसली की उठत नाही. ती दिवसाला हजारो अंडी घालते. आणि राणी जिवंत आहे तोवर साम्राज्य संपत नाही." सभेत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्याला कंडेन्सर लागला नसता. कोपऱ्यातल्या एका आजीबाईंनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. सेक्रेटरी मात्र कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय, असं ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, तुम्हाला हल्ली सगळंच ऐकल्यासारखं वाटतं.

एकमताने कीटकनाशकवाल्याला बोलवायचं ठरलं. तो म्हणाला, रविवारी येतो. सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या सेक्रेटरींकडे द्यायच्या आणि दिवसभर बाहेर राहायचं. आधी तो घरोघरी तपासणी करणार, मग औषध.

रविवार. म्हणजे मुदतीच्या सोमवारचा आदला दिवस. खर्जराव बायकोबरोबर पिशव्या घेऊन फाटकाबाहेर पडले. मावशी, काका, मुलं, कुत्रे, मांजरं, सगळा जथा बागेकडे निघाला होता. खर्जरावांनी सहज मागे वळून पाहिलं. इमारत रिकामी उभी होती. एकही खुर्ची सरकत नव्हती. एकही नळ वाजत नव्हता. इतकी देखणी शांतता त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. होय, 'पाहिली'च म्हणायचं! शांतता दिसतेसुद्धा, हे माइक घेतल्याशिवाय माणसाला कळत नाही.

"अगं, माझा चष्मा राहिला."

"नाकावर आहे."

"दुसरा. तू हो पुढे."

बायको काय समजायचं ते समजली. "औषध मारायच्या आत बाहेर या म्हणजे झालं," एवढंच म्हणून ती चालू लागली.

खर्जरावांनी खिशातल्या दुसऱ्या किल्लीने दार उघडलं आणि फ्रिज बंद करून ते कपाटात शिरले. कुजबुज नीट उचलली जावी म्हणून त्यांनी प्रीअँप भरपूर चढवला आणि सुरुवात केली. काय लागला म्हणता आवाज! एकेक वाक्य तुपातून काढल्यासारखं निघत होतं. पहिलं पान संपलं. दुसरं सुरू झालं. खर्जरावांचे डोळे आपोआप मिटले.

त्याच वेळी पलीकडे सेक्रेटरी कीटकवाल्याला आपल्या पलंगाची उशी दाखवत होते. "इथे. बरोब्बर इथे मला ते कळलं."

"कोणी सांगितलं?"

सेक्रेटरी उत्तर द्यायच्या विचारात होते, तर भिंतच म्हणाली, "अंधार, ओलावा आणि लाकूड. त्यांना आणखी काहीही नको असतं."

"ऐकलंत? ऐकलंत?" सेक्रेटरींनी त्याचा दंड धरला. "हीच ती!"

कीटकवाला अनुभवी होता. "साहेब, मी बरीच वर्षं ह्या धंद्यात आहे. वाळवी खाते. बोलत नाही."

"मग आत कोण आहे?"

"ते शेजारी बघू."

किल्ली होतीच. दोघं खर्जरावांच्या घरात शिरले. आवाजाचा माग काढत कपाटापाशी आले. हेडफोनमध्ये खर्जरावांना पावलं ऐकू आली होती. पण शेवटचं वाक्य चालू होतं, आणि आता घर डोक्यावर कोसळलं तरी ते पुरं करायचं असा त्यांचा निर्धार होता. सेक्रेटरींनी दोन्ही दारं खाडकन उघडली. आत, कोटांच्या रांगेत, अंधारातून एक मुंडकं बाहेर आलं. कानांवर काळ्या वाट्या, डोळे मिटलेले. ते शांतपणे म्हणालं:

"आणि एक दिवस तुम्ही दार उघडता, तर समोर उरलेला असतो फक्त एक पोकळ सांगाडा."

सेक्रेटरींनी जी किंकाळी फोडली, ती बागेत बसलेल्या मंडळींनीही ऐकली असं म्हणतात. चढवलेल्या प्रीअँपमधून ती थेट खर्जरावांच्या दोन्ही कानांत उतरली. ते उडाले, त्यांच्यावर दांडीसकट कोट पडले, आणि मग बराच वेळ कोटांच्या ढिगातून फक्त एक लाल दिवा चमकत राहिला.

त्यानंतरची सभा फार वाईट झाली. कीटकवाल्याने सांगितलं की सगळ्या इमारतीत औषधालासुद्धा वाळवी नाही, आणि आपली पिशवी उचलून तो निघून गेला. दिवसभर उन्हात बसलेल्या मंडळींना दोषी कोणीतरी हवा होता. सेक्रेटरी म्हणाले, ह्यांनी अफवा पसरवली. खर्जराव म्हणाले, सूचना तुमच्या सहीची आहे. सेक्रेटरी म्हणाले, दोन्ही माइक जप्त करा. इंजिनियर म्हणाले, कुत्र्याच्या अर्जात जप्तीचं कलम नाही. ह्या गोंधळात सोमवारची मुदत डोक्यावर आली. खर्जरावांच्या कानात अजून सूं वाजत होतं, त्यामुळे त्यांनी काहीही न ऐकता ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं भाचीला पाठवून दिलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. आपली अब्रू गेली, आवाजही गेला, आणि आता कपाटाची दांडीही गेली, अशा हिशेबात ते झोपले.

मंगळवारी भाचीचा फोन आला. "मामा! दिग्दर्शक नाचतायत नुसते!"

खर्जराव अंथरुणातच ताठ बसले. "आवडला ना आवाज?"

"आवाज? हो, आवाज ठीक आहे, घेतलाय तो. पण मामा, ती शेवटची किंकाळी! कुणाची आहे? वारुळावर मुंग्या हल्ला करतात ना, तिथे त्यांना ती हवीय. पण ती फाटलीय रे. तुझा प्रीअँप फार चढलेला होता. तेवढी पुन्हा घेऊन पाठव ना. आणि त्या कलाकाराचं नाव कळव."

ठीक आहे! ह्यापेक्षा इंजिनियरचा बेडूक परवडला. निदान बेडकाची कोणी दखल तरी घेतली होती. पण भाचीला शब्द दिला होता. संध्याकाळी शर्टाला इस्त्री करून खर्जराव सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले.

"तुमची किंकाळी हवी होती," ते म्हणाले. ह्यापेक्षा सभ्य भाषेत हे वाक्य म्हणता येत नाही, हे त्यांनी जिन्यातच पडताळून पाहिलं होतं.

"मी किंकाळी फोडलेली नाही," सेक्रेटरी थंडपणे म्हणाले. "मी हरकत नोंदवली."

"ती हरकत फिल्मवाल्यांना फार आवडली. पडद्यावर नाव येणार आहे."

सेक्रेटरींनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "पदासकट?"

"पदासकट."

"या ना आत. उभे का?"

बातमी क्षणात पसरली. बुधवारी संध्याकाळी खर्जरावांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिनियर आधीच येऊन बसले होते, आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता. "सासूच्या कानाशी कधी किंकाळी फोडतात का? कान फुटतील तिचे! किंकाळीला नवराच पाहिजे. काढा तो डायनॅमिक बाहेर! आणि मेहुण्याला जरा खाली बसवा." त्यांनी स्वतः वायर जोडली, बटण खाली आणलं, आणि ह्या वेळी खरोखर एक सूंसुद्धा आला नाही. खर्जरावांनी मोठ्या मनाने ते मान्य केलं. बेडकाचा विषय त्यांनी काढला नाही, पण कंडेन्सर मुद्दाम इंजिनियरसमोर टेबलावर ठेवला.

सेक्रेटरी नवा कोट घालून आले. माइकसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आऽ."

"जरा जोरात," इंजिनियर म्हणाले.

"आऽऽ."

"हे डॉक्टरला जीभ दाखवल्यासारखं होतंय," आजीबाई म्हणाल्या.

मग सूचनांचा पाऊस पडला. कोणी मागून फुगा फोडला, सेक्रेटरींनी सौम्यपणे वळून पाहिलं. कोणी म्हणालं झुरळ सोडा, तर झुरळ मिळेना. कीटकवाल्याने जाता जाता काय शिंपडलं होतं कोण जाणे. सेक्रेटरींच्या बायकोला घाबरवायला सांगितलं. ती म्हणाली, "मी सारखीच घाबरवत असते, ह्यांना आता सवय झालीय." सेक्रेटरींना घाम फुटला. माणूस मुळात इतक्या बैठका घेऊन निगरगट्ट झालेला. "सहज जमलं होतं हो त्या दिवशी," ते अगदी कळवळून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून काहीतरी कलात्मक घडलं होतं, आणि ते निसटत चाललं होतं. खर्जरावांना त्यांची दया आली. माइकसमोर वाचा बसणं म्हणजे काय, ते दुकानात त्यांनी स्वतः भोगलं होतं.

खर्जरावांनी इंजिनियरला खूण केली, रेकॉर्डिंग चालू ठेवा. मग ते सेक्रेटरींच्या मागे गेले, आवाज पार तळाला नेला, आणि फळ्यावरची सूचना वाचावी तसे म्हणाले:

"सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपल्या सेक्रेटरींनी आपल्या पदाचा राजीनामा दिला आहे, आणि तो एकमताने मंजूर करण्यात आला आहे."

किंकाळी आली! पहिलीपेक्षा सरस. तिच्यात धक्का होता, वेदना होती, वर्षानुवर्षांची सेवा होती. प्रीअँपचा लाल दिवा नुसता लुकलुकला, लागला नाही. इंजिनियरनी अंगठा वर केला. आणि त्याच क्षणी, कोणी काही ठरवलेलं नसताना, सगळ्या खोलीने टाळ्यांचा कडकडाट केला.

टाळ्या थांबेचनात. आजीबाई काठी आपटून वाजवत होत्या. सेक्रेटरींनी सावरून हसऱ्या चेहऱ्याने चौफेर नमस्कार केले. मग त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.

"ह्या टाळ्या किंकाळीला आहेत ना?" त्यांनी विचारलं.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तेवढ्यात, काही कारण नसताना, आणखी एकदा टाळ्या वाजवल्या.

भाचीने पुष्कळ खटपट केली, पण किंकाळीच्या शेपटाला चिकटलेल्या त्या टाळ्या काही सुटेनात. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, राहू द्या, मुंग्या जिंकतात तिथे शोभतील. फिल्म पहिल्यांदा एका शाळेच्या सभागृहात दाखवली, तेव्हा सगळी इमारत गेली होती. खर्जरावांचा आवाज खोल, घुमत, सुरेख आला. बायकोने अंधारात त्यांचा हात दाबला आणि म्हणाली, "बेडूक मुळीच नाही." त्या रविवारी त्यांनी विचारलेलं तिने लक्षात ठेवलं होतं.

मग मुंग्या आल्या. पोरं श्वास रोखून बसली. वारूळ फुटलं, सेक्रेटरी किंचाळले, आणि पडद्यावरच्या मुंग्यांनी टाळ्यांचा प्रचंड कडकडाट केला. सभागृह हसून हसून आडवं झालं. पोरं बाकांवर चढून ओरडू लागली, "पुन्हा! पुन्हा!" मास्तरांना फिल्म मागे न्यावी लागली.

दिवे लागल्यावर पोरांचा घोळका धावत आला. खर्जराव उभे राहिले, त्यांनी कोट नीट केला, घसा साफ केला.

"काका," पोरं म्हणाली, "ते किंचाळणारे कुठे बसलेत?"

खर्जरावांनी एक दीर्घ श्वास घेतला, आणि आपल्या सगळ्यात भरदार आवाजात सभागृहाला ऐकू जाईल असं सांगितलं, "तिसऱ्या रांगेत. नव्या कोटात. आणि पोरांनो, त्यांना 'सेक्रेटरीसाहेब' म्हणा. निदान आजच्या दिवस."